पलीकडचा चहा

माझ्या मावशीला लोक तोंडावर ‘किल्लीवाल्या बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘भांडकुदळ’. दोन्ही खरं होतं. आता ती नाही, तर आमच्या मंडळीत तिच्याबद्दल वेगळंच बोललं जातं. ‘फार प्रेमळ होत्या हो, सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या.’ हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती कुणालाही सांभाळून घेत नव्हती. सांभाळून घेणाऱ्या माणसांचा तर तिला तिटकारा होता. माणूस गेला की त्याचे दात काढून, त्याला मऊ करून फोटोत बसवायचं, ही आपली जुनी खोड आहे. निदान मावशीच्या बाबतीत तरी ते होऊ नये म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

तिचं दुकान म्हणजे एका बँकेच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची टपरी. मागे खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या ओळीने लटकवलेल्या, पुढे फळीवर किल्ल्या कापायचं छोटं मशीन, आणि खाली कानशींचा डबा. धंदा काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. काका अचानक गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की ती मशीन विकून टाकेल आणि आमच्या घरी येऊन राहील. माझ्या आईने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, तिच्यासाठी मागची खोली रिकामीसुद्धा केली होती. मावशी आली, खोली बघितली, ‘छान आहे, पापड वाळत घालायला उपयोगी पडेल’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी टपरी उघडून बसली. मशीनचा तो दात शिवशिवायला लावणारा आवाज दिवसभर चालायचा आणि संध्याकाळी तिच्या पदरावर पितळेचा बारीक चुरा चमकत असायचा.

किल्ली आत राहून दार लागलं की लोक तिला बोलवायला धावत. ती पिशवी उचलून जायची. श्रीमंताचं घर असो की भाड्याची खोली, आधी घरच्यांना चार शब्द सुनवायची आणि मग कुलूप उघडायची. दार उघडलं की लोक तिला आत बोलवत, चहा देत. कुणी दारातच पैसे पुढे केले, तर ती जाताना म्हणायची, ‘घर उघडून दिलं, तरी आत घेतलं नाही हो यांनी.’ अगदी त्यांना ऐकू जाईल असं.

आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, निम्मे एकमेकांचे नातेवाईक आणि उरलेले त्या नातेवाइकांशी भांडलेले. रविवारी चर्चमध्ये उपासना झाली की अंगणात चहा असायचा. तो चहा मावशीकडे. मोठा स्टीलचा थर्मास तिच्या ताब्यात होता. ती घरून चहा करून आणायची आणि स्वतः ओतून द्यायची. दुसऱ्या कुणी त्या थर्मासला हात लावलेला तिला खपत नसे.

पण खरा चहा शुक्रवारचा. आमच्यात रीत अशी, की दर शुक्रवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना व्हायची. कुणाच्या घरी, ते रविवारी उपासना संपताना मंडळीचे सेक्रेटरी जाहीर करत. गीतं, बायबलमधलं वचन, चर्चच्या पाळकसाहेबांचा छोटा उपदेश, प्रार्थना, आणि मग त्या घरचा चहा. तो घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा अलिखित नियम. ज्यांच्याकडे कप पुरत नसत ते शेजारून आणत. म्हातारा शिंपी तर दोन-दोन जणांना एकाच कपातून आळीपाळीने पाजायचा, आणि लोक हसत हसत प्यायचे. दोन घरांत अबोला असला, तर एकाकडे नंबर लागला की दुसऱ्याला जावंच लागे, आणि चहा प्यायला की अबोला संपला असं धरलं जाई. कोण मंडळीतलं आणि कोण नाही, हे नोंदणीपेक्षा त्या शुक्रवारच्या चहावरून कळायचं.

आता ‘पलीकडे’ म्हणजे काय ते सांगते. आमच्या वस्तीच्या कडेने एक मोठा नाला जातो. त्यावर लोखंडी पूल आहे. पुलापलीकडे कचरा वेचणाऱ्यांची, भंगार गोळा करणाऱ्यांची, गटारं उपसणाऱ्यांची वस्ती. आपली घाण जे उचलतात ते पलीकडचे आणि जे करतात ते अलीकडचे, असा हा साधा हिशेब आहे. पण आमच्या पाळकसाहेबांना ‘पलीकडे’ या शब्दाचं भारी प्रेम. येशू सरोवर ओलांडून पलीकडे गेला, थडग्यांत राहणाऱ्या वेड्याला भेटला. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. परक्या मुलखातली ती आई मुलीसाठी मागे लागली, तिचं त्याने ऐकलं. रोमी शिपायांच्या नायकाचा विश्वास बघून तो चकित झाला. पाळकसाहेबांचा आवाज गोड होता आणि हे सगळं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोटं नव्हे, खरं पाणी. त्याचाच मला जास्त राग येतो.

तर ‘आपणही पलीकडे जायला हवं’ असं ठरून महिन्यातून एकदा मंडळी पुलावरून जायला लागली. बरोबर जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, पत्रकं, कर्णा. आणि पाण्याचा कॅन. सेक्रेटरींची सक्त ताकीद होती, की तिथलं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, पोट बिघडेल. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावणारे गृहस्थ. नाल्याच्या दोन्ही बाजूंना एकाच टाकीचं पाणी येतं हे त्यांना माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पोटाचा प्रश्नच नव्हता.

पहिल्याच महिन्यात पाळकसाहेब तिथल्या सार्वजनिक नळाजवळ उभे राहिले आणि विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगायला लागले. येशूचे लोक जिच्या जमातीशी भांड्यालाही भांडं लावत नव्हते, अशी ती शोमरोनी बाई. दुपारची वेळ, तो दमलेला, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. उन्हं तापली होती. पाळकसाहेब इथवर आले, त्यांचा घसा कोरडा पडला, आणि सेक्रेटरींनी लगबगीने आमच्या कॅनमधलं पाणी ग्लासात ओतून त्यांच्या हातात दिलं. ते घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘तर बंधुभगिनींनो, येशूने तिच्याकडे पाणी मागितलं.’ मागे नळ ठिबकत होता. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीलाही यात काही विचित्र वाटल्याचं दिसलं नाही, कारण त्यांना आमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. मला मात्र तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मावशी माझ्या शेजारी उभी होती. ती तडक पुढे गेली आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला म्हणाली, “अगं, पाणी दे बघू जरा. या बाबांचं ऐकून ऐकून घसा सुकला माझा.”

ती बाई गोंधळली. मग तिने हंड्यातलं पाणी मावशीच्या ओंजळीत ओतलं. मावशी प्यायली, ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, “काय करतेस तू?” बाई बाटल्या गोळा करायची. काचेच्या वेगळ्या, प्लॅस्टिकच्या वेगळ्या, झाकणं वेगळी, असं निवडून भंगारवाल्याला घालायची. नवरा नव्हता, एक मुलगी होती. आमच्यात पुढे तिला ‘बाटलीवाली’ म्हणायला लागले. ती मंडळीत का आली, असं तिला नंतर कुणीतरी विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं, “तुमच्यातल्या सगळ्यांनी मला काही ना काही दिलं. मागितलं फक्त या किल्लीवाल्या बाईंनी.” पाळकसाहेबांनी हे वाक्य एका उपदेशात वापरलं. त्यातला मावशीचा उल्लेख तेवढा गाळला.

बाटलीवालीचा आणि तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. टाळ्या वाजल्या, गीतं झाली, फोटो निघाले. त्यानंतर दोघी दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागल्या. शेवटच्या बाकावर बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे या, असंही कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारच्या प्रार्थना एकेका घरी होत गेल्या. बाटलीवाली सगळीकडे यायची, दाराजवळ बसायची, चहा प्यायची, आपला कप स्वतः विसळून ठेवायची. सगळी घरं संपली, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात झाली, आणि तिचं घर आलंच नाही.

एक दिवस ती टपरीवर आली. मी तिथेच होते. शाळेतून घरी जाताना मी रोज मावशीकडे टेकायची.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्याकडे प्रार्थना कधी?”

मावशीने मशीन बंद केलं.

“माझ्या घरात आजवर पोलीस आला, भंगारवाला आला,” बाटलीवाली म्हणाली. “कपडे वाटणारे दारापर्यंत आले. बसायला कुणी आलं नाही. आणि आता आमच्या गल्लीतल्या बायका मला चिडवतात. म्हणतात, त्यांनी तुझ्या डोक्यावर पाणी घातलं, पण तुझ्या हातचं पाणी पितील का? मी म्हणते, पितील. त्या म्हणतात, मग आणून दाखव.” तिने फळीवरची एक किल्ली उचलून परत ठेवली. “मला तोंड दाखवायला जागा ठेवा, बाई. एवढंच.”

मावशी त्याच संध्याकाळी कमिटीपुढे जाऊन उभी राहिली. तिथे काय झालं ते तिने मला इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे होते असं वाटतं. सेक्रेटरी म्हणाले, ‘त्यांच्यावर उगाच बोजा कशाला?’ मावशी म्हणाली, ‘बोजा आहे की नाही ते त्यांना विचारा.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘जागा अपुरी पडेल.’ मावशी म्हणाली, ‘शिंप्याच्या खोलीत तुम्ही शिलाई मशीनवर बसला होतात.’ पाळकसाहेब म्हणाले, ‘प्रत्येक गोष्टीची वेळ असते, ताई. मंडळी अजून तयार नाही.’ यावर मावशी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तिच्या तोंडाला कोण लागणार म्हणून कमिटी कबूल झाली, पण एक मेख मारून ठेवलीच. प्रार्थना तिच्याकडे होईल. चहाची व्यवस्था मात्र मंडळीकडून. मावशीने थर्मास भरून न्यायचा. कागदी कपसुद्धा मंडळीचेच.

मावशी ‘बरं’ म्हणाली. ती इतक्या सहज ‘बरं’ म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमच्या घरी त्यावरून खडाजंगी झाली. आई म्हणाली, “तुझं हे नेहमीचंच. सगळ्यांना कोपऱ्यात गाठायचं. अगं, प्रार्थनेला जातोय ना आम्ही? चहाचं एवढं काय घेऊन बसलीस?”

“चहाचं काही नाही ना?” मावशी म्हणाली. “मग पी की तिच्याकडचा.”

“मला नाही जमणार. मी खोटं बोलत नाही. त्या नाल्याचा वास, ते भंगार... मला ढवळतं.”

“दर आठवड्याला तुझ्या घरचा कचरा ती नेते. तिला नाही ढवळत ते?”

आई उठून आत गेली. माझी आई वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मला इतका संताप आला नसता.

शुक्रवारी आम्ही पुलावरून गेलो. बाटलीवालीची खोली म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि एका बाजूला जाहिरातीचा जुना फलक. त्यावरच्या हसऱ्या बाईचं अर्धंच तोंड आत दिसत होतं. बाटल्यांचे ढीग तिने शेजारी हलवले होते. जमीन इतकी झाडली होती की तिच्यावर झाडूचे वळ उठले होते. मुलीच्या केसांना चापूनचोपून तेल लावलेलं. कोपऱ्यात स्टोव्हवर किटली, आणि ताटात कप. सगळे नवे, पांढरे. तिला काचेच्या वस्तूंची काय वानवा होती? पण कचऱ्यातले कप दिले असं कुणी म्हणायला नको म्हणून तिने दुकानातून नवे आणले होते. आणि प्रत्येक कपाच्या बुडाला दुकानाचं लेबल तसंच ठेवलं होतं. काढायला विसरली नव्हती. ते आम्हाला दिसावं म्हणून ठेवलं होतं.

चहा मंडळीचा येणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कमिटीला वाटलं मावशी सांगेल. मावशीने सांगितलं नाही.

दारात तिच्या गल्लीतल्या बायका येऊन उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला तो झाडावर चढून बसलेल्या बुटक्या जकातदाराचा. सगळे ज्याला पापी म्हणायचे, त्याच्याच घरी येशू कसा आपणहून पाहुणा म्हणून गेला, लोक कसे कुरकुरले, आणि तो जकातदार कसा आनंदाने बदलून गेला. उपदेश उत्तम झाला. त्यांचे डोळेही भरून आले.

‘आमेन’ झालं. सेक्रेटरींनी मावशीला खूण केली. मावशीने थर्मास उचलला, झाकण फिरवलं आणि कागदी कपावर तिरका केला. काही आलं नाही. तिने तो उलटा धरून हलवला.

“रिकामा आहे,” ती म्हणाली. “भरायचा राहिला वाटतं.”

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बाटलीवालीला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. ती किटली उतरवून कपांत चहा ओतत होती. ताट घेऊन ती उभी राहिली आणि सगळ्यांत आधी सेक्रेटरींपुढे गेली.

“मला डॉक्टरांनी चहा बंद केलाय,” सेक्रेटरी म्हणाले. गेल्या रविवारी अंगणात त्यांनी दोन कप रिचवलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्या बाईंना साखरेचा त्रास निघाला. त्यांच्या यजमानांनी संध्याकाळचा चहा सोडला होता. आईला ॲसिडिटी झाली. एकाला उपास होता, एकाला घाई होती. बघता बघता त्या खोलीचा दवाखाना झाला. ताट पाळकसाहेबांपुढे आलं. त्यांनी कप उचलला. मला वाटलं, निदान हे तरी. त्यांनी कप हातात धरून डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. या घरासाठी, या कष्टाळू हातांसाठी, या लेकरासाठी. वाफ निघून गेली, चहावर साय धरली, तरी प्रार्थना चालूच. मग ‘आमेन’ म्हणून त्यांनी कप अलगद ताटात परत ठेवला, तिच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते उठले.

मावशी प्यायली आणि मी प्यायले. बाकीचे कप भरलेलेच राहिले. दारातल्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. त्या नुसत्या बाजूला सरल्या आणि मंडळीला जायला वाट करून दिली. बाटलीवाली ताट धरून तशीच उभी होती.

पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि सेक्रेटरी कुणाला तरी सांगत होते, ‘आपण प्रयत्न केला, पण पलीकडच्या लोकांची मनं फार कठीण असतात.’ मी हे माझ्या कानांनी ऐकलं. आजही आठवलं तरी माझा संताप संताप होतो.

मावशी मला घेऊन पुलापलीकडे गेली. बाटलीवाली दाराशी बसून झाकणं निवडत होती. तिने मान वर केली नाही. मावशीने कमिटीचा उद्धार सुरू केला. एकेकाचं नाव घेऊन, त्यांच्या खानदानासकट. बाटलीवालीने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “त्यांचं सोडा. थर्मास रिकामा तुम्ही आणलात ना?”

मावशी थबकली. “तुझ्यासाठीच आणला.”

“मला विचारलंत?”

मावशीने जवळचा बाटल्यांचा ढीग उगाच सारखा केला.

“तुमचं त्यांच्याशी भांडण होतं. ते तुम्ही माझ्या घरात आणून मांडलंत, माझ्या माणसांसमोर,” बाटलीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दुसरा चहा नव्हता म्हणून त्यांनी माझा घेतला असता, तर त्यात माझं काय? त्यांच्याकडे त्यांचा चहा असता, गरम, आणि तरी त्यांनी माझा उचलला असता, तर मी मान वर करून चालले असते. तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, बाई.”

 मावशी खाली बसली आणि बाटलीवालीच्या पुढ्यातली झाकणं निवडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “चुकलं माझं. आता तू सांग. पुन्हा बोलवायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी येत जाईन.”

“बोलवीन,” बाटलीवाली म्हणाली. “पण माझ्याकडे प्रार्थना आहे, हे रविवारी सगळ्यांसमोर सांगा, जसं दुसऱ्यांचं सांगतात. आणि तुमचा थर्मास भरून आणा. काठोकाठ.”

परत येताना पुलावर मावशी म्हणाली, “तिचं बरोबर आहे.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “म्हणून त्या सेक्रेटऱ्याचं चूक नाही असं होत नाही.” त्यानंतर घर येईपर्यंत ती सेक्रेटऱ्याबद्दलच बोलत होती.

रविवारी उपासना संपताना सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, शुक्रवारची प्रार्थना शिंप्याकडे असं जाहीर केलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, “आणखी काही?” कुणी काही बोलत नसतं. मावशी उभी राहिली.

“शुक्रवारची प्रार्थना बाटलीवालीकडे आहे,” ती म्हणाली. “शिंप्याला मी विचारलंय, तो पुढच्या शुक्रवारी घेईल. मंडळीचा थर्मास तिथे असेल, भरलेला, गरम. मागच्या वेळी मी तो मुद्दाम रिकामा आणला होता, ती लबाडी माझी. या वेळी दोन्ही चहा असतील. ज्याला जो घ्यायचा तो घ्या.”

“हे आधी कमिटीपुढे यायला हवं होतं,” सेक्रेटरी म्हणाले.

“आलं होतं की. कमिटीला ॲसिडिटी झाली.”

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब व्यासपीठावर खाली मान घालून उभे होते. त्यांनी आशीर्वाद दिला, पण त्यात नेहमीचा गोडवा नव्हता.

शुक्रवारी निम्मीच माणसं आली. न आलेल्यांची कारणं मला तोंडपाठ आहेत, पण ती सांगून मी त्यांना मान देणार नाही. खोलीत दाराजवळ स्टुलावर आमचा थर्मास, शेजारी कागदी कप. कोपऱ्यात तिची किटली आणि तेच पांढरे कप. लेबलं या वेळी नव्हती. दारात गल्लीतल्या बायका, मागच्यापेक्षा जास्त. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. नुसतं वचन वाचलं, एक लहान प्रार्थना केली आणि थांबले.

सेक्रेटरी उठले, सरळ थर्माससमोर गेले आणि स्वतःच्या हाताने कागदी कप भरून घेतला. मावशीने त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. दोघांनी त्यांचं अनुकरण केलं. बाटलीवाली ताट घेऊन फिरायला लागली. शिंप्याने कप उचलला. मग ताट आईपुढे आलं. आईने कपाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. मावशी पत्र्याच्या भिंतीकडे बघत होती. आईने कप उचलला, एक घोट घेतला, आणि तिच्या कपाळाला ती आठी पडली जी प्रत्येकाच्या घरचा चहा पिताना पडते.

“साखर कमी आहे गं,” आई म्हणाली.

“पुढच्या वेळी जास्त घालीन,” बाटलीवाली म्हणाली.

शेवटी ती पाळकसाहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी कप घेतला. थर्मास त्यांच्या हाताच्या अंतरावर होता आणि सेक्रेटरी तिथूनच त्यांच्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी कप दोन्ही हातांत धरला, आणि सवयीने त्यांचे डोळे मिटायला लागले.

“प्रार्थना झाली, साहेब,” बाटलीवाली म्हणाली. “आता चहा.”

त्यांनी डोळे उघडले. दारातल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. पाळकसाहेबांनी कप तोंडाला लावला, जीभ भाजली असावी, तरी थांबले नाहीत, सगळा चहा पिऊन त्यांनी रिकामा कप तिच्यापुढे धरला.

“अजून थोडा आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. तिने किटलीतून त्यांचा कप पुन्हा भरला, ताट मुलीच्या हातात दिलं आणि आपल्या घरात, सगळ्यांच्या मध्ये, खाली बसली.